पार्किंग नंबर नऊ आणि एक खोटा काटा

बी विंगच्या जिन्यासमोर, पार्किंग नंबर ९ मध्ये, पेव्हर ब्लॉक बसवायच्या आधी एक काळा डाग होता. साधारण परातीएवढा. रॉकेल झालं, कपड्यांचा सोडा झाला, सफाईवाल्या मावशींनी लाकडाचा भुसाही टाकून पाहिला, पण तो गेला नाही. नव्या सभासदांना तो माहीत नसणार. जुन्यांना मात्र पक्का आठवत असेल, कारण त्याच्यामुळेच एका वार्षिक सर्वसाधारण सभेत 'सोसायटीच्या आवारात वाहन दुरुस्ती करू नये' असा ठराव झाला. ठरावात माझं नाव नाही, पण तो माझ्याच नावाने ओळखला जातो.

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत पाण्याच्या टाकीचा, लिफ्टचा, कन्व्हेयन्सचा इतिहास बाकीची मंडळी लिहीत आहेत. ते विषय माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतात. मी आपला त्या डागाचा इतिहास लिहितो.

२००० साली आपण मुलुंडला राहायला आलो तेव्हा आवारात सात चारचाकी होत्या, आणि त्यांतल्या चार पद्मिनी. एक पांढरी, एक निळसर, एक मातकट (मूळ रंग कुणालाच सांगता येत नसे) आणि आमची क्रीम. त्याच सुमारास कुर्ल्याला पद्मिनीचं उत्पादन थांबलं. म्हणजे आपली सोसायटी रजिस्टर होत होती आणि आपल्या पार्किंगमधली निम्म्याहून अधिक वाहनं ज्या कारखान्यातून आली, तो गाडी बनवायचं बंद करत होता. तेव्हा हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. स्पेअर मिळत होते, मिस्त्री मिळत होते, कुणाला काय पडलं होतं?

हा कारखाना आपल्याच माणसाचा, हे मुलांना सांगायला हवं. सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांनी जहाजं चालवली, विशाखापट्टणमला गोदी उभारली, बंगलोरला विमानाचा कारखाना काढला, आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या, म्हणजे डॉज, प्लिमथ, डिसोटो. मग पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला. त्यातली गोलमटोल ११०० म्हणजे आपली 'डुक्कर फियाट'. हे नाव कंपनीने दिलेलं नाही, मुंबईने दिलं. त्यानंतर आली ती ११००डी. इटलीत हे मॉडेल १९६२ चं आणि चारेक वर्षांत तिथे संपलंसुद्धा. आपल्याकडे १९६४ पासून ते सुरू झालं आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने शतक संपेपर्यंत चाललं. इंजिन तेच, १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. बंद अर्थव्यवस्थेला कुणी नावं ठेवतो, कुणी उसासे टाकतो. पण तिचा एक फायदा खरा होता. तीस-पस्तीस वर्षं एकच इंजिन बनत राहिल्यामुळे प्रत्येक नाक्यावर त्याचा डॉक्टर होता आणि दर इमारतीत दोन-तीन वैदू.

आमची गाडी १९८६ ची. वडिलांनी नंबर लावून कित्येक वर्षं वाट पाहिली होती. घरात फोन आणि गाडी दोन्हींचे नंबर लागलेले, आणि आधी काय येतं यावर आई आणि वडील यांच्यात पैज. (फोन आधी आला. आई जिंकली.) गाडी आली तेव्हा मारुती ८०० बाजारात येऊन दोन-अडीच वर्षं झाली होती आणि चाळीतले लोक वडिलांना सांगायचे, अहो, आता कशाला ही? वडिलांचं उत्तर ठरलेलं असे, "हिचं बॉनेट उघडलं की आत काय आहे ते दिसतं."

ते खरंच होतं. बॉनेट उघडलं की इंजिनच्या दोन्ही बाजूंनी हात जाई, जमीन दिसे. आपल्या आवारातल्या रविवारच्या शाळेची सुरुवात तिथूनच झाली. सकाळी नऊ-साडेनऊला कुणीतरी एक बॉनेट उघडायचा आणि अर्ध्या तासात भोवती पाच-सहा जण, एखादा चहाचा ट्रे, आणि सायकलवर एक पाय टेकवून बघणारी पोरं.

या शाळेतला पहिला धडा असा की गाडी बंद पडली तर आधी दोनच प्रश्न विचारायचे. पेट्रोल येतंय का? करंट येतोय का? तिसरा प्रश्न या दोघांची उत्तरं मिळाल्याशिवाय विचारायचा नाही. करंट बघायचा तर एक प्लग काढायचा, त्याची वायर लावून प्लगचा लोखंडी भाग इंजिनला टेकवायचा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. टपटपीत निळी ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळट, मरतुकडी पडली तर डिस्ट्रिब्युटरकडे वळायचं. तिथे पॉइंट जळलेले असतात, नाहीतर कंडेन्सर गेलेला असतो. कंडेन्सर हे एक लबाड प्रकरण. थंड असताना नीट चालतो, गाडी तापली की रुसतो, आणि आपण पुन्हा थंड गाडी मिस्त्रीकडे नेली की सज्जनासारखा वागतो. त्याची खूण म्हणजे इंजिन चालू असताना पॉइंटमध्येच भरपूर ठिणग्या उडताना दिसतात. जी ठिणगी प्लगला मिळायला हवी ती वाटेतच उधळली जाते.

पेट्रोलचं दुखणं मुंबईच्या ट्रॅफिकला शोभेसं. पंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला. मे महिन्यात सायनच्या सर्कलला वीस मिनिटं अडकलात की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रव ओढता येतो, वाफ येत नाही. गाडी आचके देते आणि बसते. यावर उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. आमच्या डिकीत पाण्याची बाटली आणि जुन्या धोतराचा तुकडा कायम असे. बोरघाटात तर एका रांगेत चार-पाच गाड्या, सगळ्यांचे बॉनेट उघडे आणि सगळ्यांच्या पंपावर फडकी, असं दृश्य मी स्वतः पाहिलेलं आहे. त्या वेळी कुणी कुणाला नाव विचारत नसे. पाणी आहे का, एवढंच.

पावसाळ्यातलं दुखणं निराळं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा बसली की करंट प्लगऐवजी भलतीकडेच जातो. टोपी काढून घरी आणायची आणि तव्याच्या उबेवर धरायची. आमच्या हिने एकदा पोळी उतरवून तवा दिला आणि वर विचारलं, "हिला तूप लावू का?"

२००० साली शिसं घातलेलं पेट्रोल देशभरात बंद झालं. हवेसाठी चांगलंच झालं, त्यात वाद नाही. पण जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह ज्या सीटवर आपटतो तिथे शिशाचा पातळ थर उशीसारखा काम करायचा. तो गेल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतायला लागतो आणि टॅपेटचं अंतर कमी होत जातं. टॅपेट वाजायला लागले की माणूस घाबरतो, पण ते गप्प झाले तर जास्त घाबरावं. अंतरच उरलं नाही तर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि मग तो जळतो. चार पद्मिनींपैकी त्या मातकट गाडीचं इंजिन याच कारणाने २००२ मध्ये उतरवावं लागलं. तिचे मालक मोठ्या अभिमानाने सांगत होते, बघा, माझं इंजिन किती शांत!

इंजिन म्हणजे निदान आवाज करतं, वास देतं, थरथरतं. डॅशबोर्डवरची मीटरं मात्र नुसती सांगतात, आणि सांगतात त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे आपल्यावर. आमच्या गाडीचा पेट्रोलचा काटा चढावर अर्धी टाकी दाखवायचा आणि उतारावर पाव. टाकीत एक तरंगता गोळा असतो, त्याच्या दांडीला लागून एक रेझिस्टन्सची पट्टी. ती झिजली की असे खेळ होतात. मीटर वाईट की टाकीतला गोळा, हे ठरवायची पद्धत सोपी आहे. टाकीवरची वायर काढून बॉडीला क्षणभर टेकवायची. काटा एका टोकाला पळाला तर मीटर आणि वायर शाबूत, दोष टाकीत. स्पीडोमीटरचा काटा थरथरला तर केबल कोरडी झालेली असते. ती बाहेर काढून पुसायची, ग्रीस द्यायचं आणि कुठे मुडपली नाही ना ते बघायचं. ऑइलचा लाल दिवा तर किल्ली फिरवल्यावर लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझलाच पाहिजे. तो कधीच लागत नसेल तर खूश होऊ नये, बल्ब गेलेला असतो.

हे सगळं मला २००२ सालीच माहीत होतं. तरी जे झालं ते झालं, म्हणून हा लेख.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर आमच्या गाडीला तीन रोग जडले. पहिला, सेल्फ जड झाला. सकाळी हं... हं... करत फिरायचा, आणि बऱ्याचदा वॉचमन आणि शाळेच्या बसची वाट पाहणारी मुलं यांनी गेटपर्यंत ढकलल्यावर गाडी सुरू व्हायची. (त्या मुलांतले दोघे आज मॅनेजिंग कमिटीवर आहेत.) निदान झालं, बॅटरी. नवी घेतली. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसरा रोग असा की सेल्फ मारताना चोकची नॉब ओढलेली असे, ती हाताला कोमट, कधीकधी चांगली गरम लागायची. याचं निदान कुणीच केलं नाही, कारण मी कुणाला सांगितलंच नाही. इंजिनजवळची वस्तू, गरम होणारच, असं वाटलं. थंड इंजिनाजवळ ती गरम का व्हावी, हा विचार मनात आला नाही.

तिसरा रोग पाण्याच्या तापमानाच्या काट्याचा. दिवसा एकदम शहाणा, मध्यावर स्थिर. रात्री हायवेवर दिवे लावले की टुणकन् वर, लालच्या अलीकडे. दिवे बंद केले की टुणकन् खाली. मी गाडी एका गॅरेजला दिली. त्यांनी थर्मोस्टॅट बदलला. मग रेडिएटर सोडवून धुऊन आणला. मग वॉटर पंप बदलला. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, दिवे लावून दाखवायचे, आणि काटा मध्यावर ढिम्म. "साहेब, बघा, झालं ना काम?" पैसे द्यायचे, आणि त्याच रात्री ऐरोलीच्या पुलावर काटा पुन्हा वर. शेवटी मी ठरवलं की हा काटा खोटारडा आहे. पाणी एका सेकंदात तापत नाही आणि एका सेकंदात निवत नाही, म्हणजे हा वायरिंगचा चावटपणा. इथपर्यंत माझं डोकं बरोबर चाललं होतं. पण पुढचं पाऊल टाकून तो दोष शोधायचा, ते न करता मी काट्याकडे बघणं सोडून दिलं. सात-आठ महिने मी तसाच गाडी चालवत होतो.

मे २००३ मध्ये एका रात्री साडेबाराला दाराची बेल वाजली. सी विंगमधल्या नानी. नानांच्या छातीत दुखत होतं, घाम फुटला होता. तेव्हा फोन केला की दहा मिनिटांत गाडी दारात, असं काही नव्हतं. नानांचे डॉक्टर शीवच्या बाजूला, त्यांनी फोनवर तिकडेच आणा म्हणून सांगितलं. आम्ही दोघातिघांनी नानांना खुर्चीत बसवून खाली आणलं, मागच्या सीटवर नानी त्यांना धरून. गाडी नशिबाने पहिल्या सेल्फला सुरू झाली.

ईस्टर्न एक्सप्रेस हायवे रिकामा होता. भांडुप गेलं, कांजूरच्या आसपास पुढून फट् असा एक आवाज आला. काहीतरी चाकाखाली आलं असेल असं वाटलं. मग चार्जिंगचा लाल दिवा लागला. आणि थोड्या वेळाने तापमानाचा काटा वर चढायला लागला.

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं. पद्मिनीत फॅनबेल्ट एकच. तोच डायनॅमो फिरवतो, तोच पंखा आणि पाण्याचा पंप. चार्जिंगचा दिवा आणि तापमानाचा काटा, दोघे एका वेळी बोलायला लागले तर त्याचा अर्थ एकच असतो, बेल्ट गेला. रविवारच्या शाळेत मी हे दुसऱ्यांना शिकवलेलं होतं. डिकीत जादा बेल्टही होता. बाजूला थांबून बदलायला, टॉर्च कुणी धरला असता तर, पंधरा मिनिटं लागली असती.

मी काटा पाहिला. या खेपेला तो टुणकन् उडाला नव्हता, सावकाश चढत होता, तेही पाहिलं. आणि स्वतःला म्हणालो, वायरिंग. दिवाही त्याच वायरिंगचा. चल पुढे.

घाटकोपरच्या अलीकडे काटा खाली यायला लागला. मला केवढं हायसं वाटलं! नानींना म्हणालोसुद्धा, "आता पोहोचतोच." खरं काय झालं होतं ते नंतर कळलं. पाणी उकळून निघून गेलं होतं, आणि ज्या जागी काट्याचा सेन्सर बसवलेला असतो तिथे पाणीच उरलं नव्हतं. कोरड्या सेन्सरला उष्णता कळत नाही, म्हणून काटा खाली. मिनिटभरात इंजिनातून कडकड आवाज सुरू झाला, दम गेला, बॉनेटच्या फटींतून वाफ आली आणि छेडानगरच्या जवळ गाडी उभी राहिली.

मागून येणारी एक काळी-पिवळी थांबली. तीही पद्मिनीच. टॅक्सीवाल्याने एक शब्द न बोलता नानांना उचलायला हात लावला. नानी त्यांच्याबरोबर गेल्या, आमचा शेजारी गेला. मी गाडीपाशी राहिलो, कारण टॅक्सीत जागा नव्हती. त्या भल्या माणसाचं नावही विचारायचं राहिलं.

नाना वाचले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. पुढे अकरा वर्षं नाना आपल्यात होते, गणपतीत आरतीला टाळ त्यांचेच. मला भेटले की म्हणायचे, "तुझी गाडी माझ्याआधी गेली रे." सगळे हसायचे, मीही हसायचो. त्यांना आणि नानींना मी सांगितलं होतं की बेल्ट तुटला, नाइलाज होता. काटा मी पाहिला होता, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. आज दोघेही नाहीत. त्यांची मुलं-नातवंडं ही स्मरणिका वाचतील, तेव्हा त्यांच्यासाठी ते इथे लिहून ठेवतो.

गाडी टो करून आणली आणि नंबर ९ मध्ये लावली. ऑइलची पट्टी ओढली तर चहासारखं दुधाळ ऑइल, म्हणजे हेड गॅसकेट फुटून पाणी ऑइलमध्ये गेलेलं. या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ते जास्त तापलं की वाकतं. हेड उतरवून फेसिंगला पाठवलं. त्या खटाटोपात ऑइलचा डबा कलंडला. सभेत गाजलेला डाग तो हाच.

हेड परत येऊन बसलं, नवा बेल्ट लागला, आणि पहिल्याच रात्री दिवे लावल्यावर काटा पुन्हा टुणकन् वर! मी खाली पायरीवर बसलो होतो. ए विंगचे आप्पा शतपावली करत आले. रेल्वेच्या कारशेडमधून निवृत्त झालेले, विजेचं काम करायचे. गाड्यांच्या शाळेत ते कधी यायचे नाहीत. पेट्रोलचा वास त्यांना सहन होत नसे. मी त्यांना सगळं सांगितलं, चोकच्या नॉबसकट. नॉबचं ऐकून ते थांबले.

"सेल्फ मारतानाच गरम होते?"

"हो."

"मग त्यातून करंट जातोय."

वर जाऊन ते मल्टिमीटर घेऊन आले. एक टोक इंजिनच्या ब्लॉकला, एक बॉडीला. मला म्हणाले, सुरू कर. इंजिन आळसात चालू असताना मीटर जवळजवळ शून्य. "आता दिवे लाव." थोडंसं हललं. "आता रेस कर." मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि मीटर अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं. त्याच क्षणी डॅशबोर्डवरचा काटाही वर. आप्पांनी जंपर केबलचा एक चिमटा ब्लॉकला, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला. काटा खाली, मध्यावर. चिमटा काढला की वर, लावला की खाली. त्यांनी हे तीन-चार वेळा केलं, मला पटावं म्हणून नव्हे, त्यांना स्वतःलाच मजा येत होती.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलंच. त्याला बॉडीशी जोडते ती तांब्याच्या तारांची विणलेली एक अर्थिंगची पट्टी. आमची पट्टी पावसाळ्यात हिरवी पडून बोल्टाखाली कुजली होती. सेल्फ इंजिनावर बसतो, त्याचा सगळा करंट या पट्टीतून परत जायचा असतो. वाट बंद, म्हणून सेल्फ जड. वाट बंद म्हणून करंटने दुसरी वाट शोधली, चोकच्या केबलची, म्हणून नॉब गरम. आणि डायनॅमोही इंजिनावरच. गाडी वेगात असताना दिव्यांचा करंट तो देतो, तो करंट बॉडीतून इंजिनाकडे परत येताना या कुजक्या पट्टीवर अडतो, इंजिन आणि बॉडी यांच्यात फरक पडतो आणि तापमानाचा सेन्सर इंजिनावर असल्यामुळे काटा फसतो. पेट्रोलचा काटा का फसत नव्हता? त्याची टाकी बॉडीला जोडलेली. गॅरेजमध्ये काटा शहाणा का? इंजिन आळसात असताना डायनॅमो फारसं काही देतच नाही, दिवे बॅटरीवर जळतात. तीन रोग, तीन निदानं, एक बॅटरी, एक थर्मोस्टॅट, एक वॉटर पंप, आणि चोर निघाला सत्तर रुपयांची पट्टी.

आप्पा मल्टिमीटर गुंडाळत म्हणाले, "म्हणजे त्या रात्री तो खरं बोलत होता."

मी विचारलं, कसं?

"बेल्ट तुटल्यावर डायनॅमो बंद. डायनॅमो बंद तर या पट्टीवर दिव्यांचा करंटच नाही. मग तो खोटं बोलणार कशाच्या जोरावर?"

एवढं बोलून ते शतपावलीला निघून गेले. मी बराच वेळ तिथेच बसून होतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलली. दोन्ही बोल्टांखालची जागा पॉलिश पेपरने घासून उघडी केली, वरून व्हॅसलीन लावलं. सेल्फ तिसऱ्या गल्लीत ऐकू जाईल असा कडक फिरायला लागला. ढकलायला येणारी मुलं थोडी नाराज झाली.

बाकीच्या तीन पद्मिनी एकेक करून गेल्या. मातकट भंगारात, निळसर नाशिकला, पांढरीच्या जागी मारुती. टॅक्सींतली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. टीव्हीवर ती बातमी पाहताना मला छेडानगरचा तो टॅक्सीवाला आठवला. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आज टॉवर आहेत, त्यांच्याही सोसायट्या झाल्या असतील, त्यांचेही पार्किंगचे वाद चालू असतील.

आमची गाडी मी दोनदा पासिंग करून २०११ पर्यंत ठेवली. मग गुडघ्यांनी क्लचला नकार दिला. पुण्याहून जुन्या गाड्यांची हौस असलेला एक तरुण मुलगा आला. सोबत वडील. त्याने बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि खाली जमीन दिसते म्हणून वडिलांना दाखवली. मी त्याला पंपावरचं फडकं दिलं, जादा बेल्ट दिला, आणि अर्थिंगची पट्टी कुठे आहे ते वाकून दाखवलं. दर पावसाळ्यानंतर खोल, घास आणि परत लाव, असं सांगितलं. तो हो म्हणाला. मग मी तापमानाचा काटा दाखवला.

"हा बरोबर आहे ना, काका?"

"बरोबर आहे," म्हटलं. "वर गेला तर थांब."

त्याने किल्ली फिरवली, दोन्ही लाल दिवे लागले, इंजिन सुरू झालं, दोन्ही विझले. वॉचमनने गेट उघडलं.